नासर्डीच्या काठाने केलेलं एमएस्सी

एमएस्सी भूगोलाच्या पहिल्या सेमिस्टरला इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचा पेपर, त्याचा फॉर्म आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारी आला आणि संध्याकाळी पाचच्या आत भरा असं खाली लिहिलेलं, मी तेव्हा सिटीलिंकच्या बसमध्ये होते, कॉलेजातून सिडकोला घरी चाललेले, उभ्या उभ्याच मैत्रिणीला फोन लावला की तू काय घेतलंस, ती म्हणाली पर्यटन भूगोल, सीनियरच्या नोट्स आहेत सगळ्या. मी पण तेच टाकलं. त्रिमूर्ती चौक यायच्या आत फॉर्म भरून मोकळी. चार क्रेडिटचा पेपर होता तो, म्हणजे साठ तासांचा, आणि मी तो काय आहे हे सुद्धा वाचलं नव्हतं.

हे आधी सांगतेय कारण आता भूगोलाला नवीन आलेली पोरं मला सारखी विचारतात की ताई कोणतं इलेक्टिव्ह स्कोअरिंग आहे, आणि मी पण अगदी तिथूनच सुरुवात केली होती, त्यामुळे त्यांना काही बोलायला जीभ उचलत नाही, पण पुढे काय काय झालं ते सांगावंसं वाटतं.

नवीन शैक्षणिक धोरणाने आमचं एमएस्सी ८८ क्रेडिटचं आहे, दर सेमिस्टरला २२. त्यातले ५४ मेजर मँडेटरी, म्हणजे सगळ्यांना सारखेच, भूरूपशास्त्र, हवामान, प्रॅक्टिकल वगैरे. उरले ३४. त्यात इलेक्टिव्ह चार, प्रत्येकी ४ क्रेडिट, म्हणजे १६. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी, म्हणजे संशोधन कसं करायचं तो पेपर, ४, दुसऱ्याला ओजेटी, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकायचं, ४, आणि मग रिसर्च प्रोजेक्ट तिसऱ्याला ४ आणि चौथ्याला ६. मी ही बेरीज वहीच्या मागच्या पानावर मांडली होती, पण ती सुचली पहिलं सेमिस्टर संपता संपता, तोपर्यंत मला वाटत होतं की आपल्या हातात फक्त इलेक्टिव्ह आहे, आणि चार पेपरांनी काय होणार. खरं तर इलेक्टिव्ह, ओजेटी आणि प्रोजेक्ट एका धाग्यात ओवले तर ३० क्रेडिट होतात, डिग्रीचा तिसरा हिस्सा. हे कोणी सांगत नाही कारण तीन गोष्टींचे तीन वेगवेगळे फॉर्म, तीन वेगवेगळ्या महिन्यांत येतात.

धागा सापडला तो मेथडॉलॉजीच्या तासाला. मॅडमनी सगळ्यांना एकेक कागद दिला आणि म्हणाल्या, विषय लिहू नका, प्रश्न लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह आलं पाहिजे. मी 'गोदावरीचे प्रदूषण' लिहिलं होतं. मॅडमनी कागद परत दिला, म्हणाल्या हा निबंध झाला, तुला स्वतःला काय कळत नाहीये ते लिही. आणि मला एकदम आत्याचं घर आठवलं.

माझी आत्या टाकळीला राहते, नासर्डीच्या जवळ. नाशिकबाहेरच्या लोकांसाठी सांगते, नासर्डी म्हणजे गोदावरीला मिळणारी छोटी नदी, आता नंदिनी म्हणतात पण आम्ही नासर्डीच म्हणतो, सातपूर-अंबडच्या बाजूने येते, सिडकोच्या कडेने, पुणे रोडच्या नासर्डी पुलाखालून जाऊन आगर टाकळीला गोदावरीत जाते, जिथे रामदास स्वामींनी तप केलं ती जागा. माझे पप्पा अंबड एमआयडीसीत कामाला होते, लहानपणी मी तिला नदी म्हणायचेच नाही, नालाच म्हणायचे. नाशिकला पूर आला की सगळे रामकुंडावर पळतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय बघायला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, पुराचं मोजमाप नाशिककरांचं तेच. २०१६ च्या ऑगस्टमधला पूर आमच्या पिढीने पाहिला. तेव्हा टीव्हीवर मारुती दाखवत होते आणि इकडे आत्याच्या घरात नासर्डीचं पाणी होतं, गव्हाची कोठी भिजली, माझ्या आतेभावाची दहावीची पुस्तकं गेली. आत्या लग्न होऊन त्या घरात आली त्याला तेव्हा वीसेक वर्षं झालेली, २००८ च्या मोठ्या पुरातसुद्धा पाणी ओट्याच्या पायरीवर थांबलं होतं असं ती सांगते. मग आता आत का आलं?

मी कागदावर तेवढंच लिहिलं. जे पाणी आधी पायरीवर थांबायचं ते आता घरात का येतं? मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, याला दोन वर्षं पुरतील.

त्या दिवसानंतर मी सिलॅबस उलटा वाचायला लागले. म्हणजे कोणते पेपर आहेत असं न बघता, माझ्या प्रश्नाला काय काय लागेल आणि ते कुठल्या पेपरात मिळेल असं. पाणी कसं वाहतं हे लागेल म्हणून जलविज्ञान, कम्प्युटरवर नकाशा करायला जीआयएस, शहर का आणि कसं पसरलं ते नागरी भूगोलात. पर्यटनाचा पेपर झालेलाच होता, त्यात वाईट काही नव्हतं, शिकवला पण चांगला, फक्त माझ्या कामाचा नव्हता आणि तो बदलता येत नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला खरी धावपळ झाली. सिलॅबसमध्ये जलविज्ञान होतं पण आमच्याकडे ते कधी चालूच केलेलं नव्हतं. कारण विचारलं तर किमान दहा विद्यार्थी पाहिजेत, आणि दरवर्षी सगळे एकाच इलेक्टिव्हला जातात. पेपर पुस्तिकेत असणं आणि तो तुमच्या वर्गात शिकवला जाणं यात किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं. मी एकेकाला गाठायला सुरुवात केली. दिंडोरीचा एक जण होता, घरी द्राक्षबाग, त्याला म्हटलं तुमच्या बोअरचं पाणी दरवर्षी खाली का जातंय ते यात आहे. इगतपुरीकडची एक होती, तिकडे पाऊस धो धो आणि तरी उन्हाळ्यात तिच्या वाडीत टँकर, तिला तर सांगावंच लागलं नाही, ती म्हणाली माझं नाव लिही. दोघी एमपीएससी करणाऱ्या, त्या म्हणाल्या पूर्वपरीक्षेला भूगोल आहेच, चालेल. माझ्या पर्यटनवाल्या मैत्रिणीला मी तीन दिवस विनवलं, तिने शेवटी नाही घेतलं, नोट्सवालाच घेतला, आणि मला तिचं पटलंही कारण तिला घरी पार्लर सांभाळून हे सगळं करायचं होतं. अकरा सह्या झाल्या.

तो अर्ज ऑफिसात आठ दिवस पडून होता. रोज गेलं की आज साहेब नाहीत, उद्या या. एक जण तर म्हणाला असं कधी झालेलं नाही. मला फार राग आला होता, कारण फॉर्मची मुदत संपत होती आणि अकरातले दोघं डळमळायला लागले होते. शेवटी आमच्या मॅडम स्वतः अर्ज हातात घेऊन वर गेल्या आणि अर्ध्या तासात सही घेऊन आल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यामुळे कोणाला असं काही करायचं असेल तर अर्जाच्या आधी एक शिक्षक पक्का करा, आणि अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर इनवर्डचा शिक्का घ्या, तारखेसकट, तो शिक्का नसता तर आमचा अर्ज आलाच नाही असं झालं असतं.

शिकवायला इरिगेशनमधून रिटायर झालेले एक सर यायचे, शनिवारी, सलग चार तास. त्यांचा एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला, म्हणाले ही एक हेक्टर जमीन, अडीच एकर, आणि तासाला ५० मिलिमीटरने पाऊस पडतोय. एक सूत्र लिहिलं, रॅशनल मेथड म्हणतात, वाहून जाणारा वाटा गुणिले पावसाचा जोर गुणिले क्षेत्रफळ, भागिले ३६०, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. पहिल्यांदा जमीन गवताची धरली, वाटा ०.२५. उत्तर आलं सेकंदाला साधारण ३५ लिटर. मग सरांनी चौकोन डस्टरने पुसला, तिथेच परत काढला, आत घरं काढली, रस्ता काढला, म्हणाले आता हीच जमीन, हाच पाऊस, पण वर सिमेंट आणि डांबर, वाटा ०.९. सेकंदाला १२५ लिटर. साडेतीन पटीपेक्षा जास्त. वर्गात कोणी काही बोललं नाही. माझ्या डोळ्यांसमोर अंबड, पाथर्डी फाटा, लहानपणी जिथे आम्ही पतंग उडवायचो ती सगळी मोकळी रानं आली, आता तिथे रो-हाऊस आणि अपार्टमेंट. सरांनी लगेच बजावलं की हे सूत्र छोट्या क्षेत्राला, अख्ख्या नदीला लावायला जाऊ नका. पण आत्याच्या पायरीचं उत्तर कुठल्या दिशेला आहे ते मला त्या शनिवारी कळलं.

त्या पेपरला मला मैत्रिणीपेक्षा कमी मार्क पडले, हेही सांगते. नोट्स नव्हत्या, मागच्या प्रश्नपत्रिका नव्हत्या, आम्ही अकरा जणांनी मिळून सगळं उभं केलं. ग्रेड बघून आई थोडी नाराज झाली होती.

ओजेटी १२० तासांची. एका ओळखीच्यांनी सांगितलं की तू येऊ नको, सर्टिफिकेट देतो, फक्त लॉगबुक भरून आण. बरेच जण असं करतात. मी नाही केलं, आणि यात मोठेपणा काही नव्हता, मला खरंच सर्व्हे शिकायचा होता. मुंबई नाक्याजवळ एका छोट्या सर्व्हेवाल्यांकडे गेले, त्यांनी आधी विचारलं उन्हात उभी राहशील का. एप्रिल-मे मध्ये सिन्नर रोडला डीजीपीएस, म्हणजे जागा अगदी नेमकी मोजायचं यंत्र, घेऊन उभी राहिले, लेव्हल कशी वाचतात, बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की माहीत असलेली खूण, कसा धरतात, कागदावरचा एक मीटरचा उतार जमिनीवर डोळ्याला दिसतसुद्धा नाही पण पाण्याला बरोबर कळतो, हे सगळं तिथे शिकले. दुपारी टपरीवर चहा घेताना तिथला एक जुना हेल्पर म्हणाला, ताई, पाणी नकाशा वाचत नाही, उतार वाचतं. मी ते लॉगबुकमध्ये लिहून ठेवलं.

तिसऱ्या सेमिस्टरला जीआयएस. कॉलेजात जो पेपर होता तो मला आधीच येत होता, त्यामुळे स्वयम् वरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, कोर्स करायचं ठरवलं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाने एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करता येतात, पण कॉलेजची मंजुरी आधी लागते, नंतर सर्टिफिकेट नेऊन दिलं आणि क्रेडिट मागितले असं चालत नाही. मी घाईत आठ आठवड्यांचा एनपीटीईएलचा, म्हणजे स्वयम् वरचाच आयआयटीवाल्यांचा, कोर्स धरला, मॅडमनी पान उघडून दाखवलं, याचे दोनच क्रेडिट आहेत, तुला चार पाहिजेत. मग बारा आठवड्यांचा एक, तीन क्रेडिटचा, आणि चार आठवड्यांचा एक, एका क्रेडिटचा, असे दोन जोडले. कोर्स फुकट असतो, परीक्षेचे एका कोर्सचे तेव्हा हजार रुपये होते. असाइनमेंटला २५ मार्क, परीक्षेला ७५, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला असाइनमेंटची मुदत पाळायची, त्यातल्या सगळ्यात चांगल्या आठ धरतात. गणपतीत दोन बुडल्या माझ्या.

गडबड झाली ती निकालाची. त्यांची परीक्षा आणि आमची सेमिस्टरची परीक्षा जवळजवळ एकाच सुमारास, पण त्यांचा निकाल नंतर आला, तोपर्यंत आमच्या मार्कशीटमध्ये त्या पेपरपुढे मला गैरहजर दाखवलं. मी बघितलं आणि हातपाय गार पडले. त्यात अजून एक, एबीसी आयडीवर म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, आपले क्रेडिट जमा होतात ते खातं, जो डिजिलॉकरमधून काढतात, त्यावर माझं नाव आधारप्रमाणे, आणि कॉलेजच्या रजिस्ट्रेशनला पप्पांचं नाव वेगळ्या स्पेलिंगने. चार वेळा ऑफिसात गेले, दोन अर्ज, एक हमीपत्र. सुधारित मार्कशीट फेब्रुवारीत मिळाली. म्हणून ज्यांना बाहेरून क्रेडिट आणायचेत त्यांनी अ‍ॅडमिशनच्या दिवशीच आधार, एबीसी आणि कॉलेज, तिन्हीकडचं नाव अक्षर न अक्षर जुळवून घ्या, दुसरं काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, हे राहू द्या.

आणि मग चौथं सेमिस्टर, नागरी भूगोलाचा इलेक्टिव्ह आणि प्रोजेक्ट. खरं काम तिसऱ्यातच सुरू झालं होतं. पहिली अडचण अशी की आपलं नाशिक बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर बसलंय, त्यामुळे सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, शहर मधोमध कापलं जातं. पंचवटी एका शीटवर, ४६ एच/१६, आणि नाशिकरोड खालच्या, ४७ ई/१३ वर. नासर्डीचं खोरं दोन्हीकडे सांडलेलं. शीट जोडताना समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, एकमेकींना भेटेनात, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रात्री घालवल्या तेव्हा जुळल्या.

मग उंचीचा डेटा. मी एसआरटीएम नावाचा वापरला, ३० मीटरचा, म्हणजे साधारण दर ३० मीटरला एक उंची, तो फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरून मोजलेला. त्यातून पाणी कुठून वाहील त्या रेषा काढल्या आणि आताच्या सॅटेलाइट फोटोवर टाकल्या. सिडकोच्या वरच्या अंगाला एक ठळक निळी रेषा सरळ एका मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमधून गेली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत केलं, परत तीच रेषा. मग मी स्कूटी काढून तिथे गेले. सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचारलं इथे पूर्वी नाला होता का, ते म्हणाले होता ना, आता पाइपात टाकला, आणि पावसाळ्यात बेसमेंटमध्ये पाणी येतं म्हणून आम्ही मोटर ठेवलीय. त्यांनी मला ती मोटर दाखवली. २००० सालचा डेटा जुना म्हणून मी आधी कुरकुर करत होते, पण त्या जुनेपणामुळेच त्यात जमीन भराव टाकायच्या आधीची होती.

जमिनीवर काय बदललं ते लँडसॅट या सॅटेलाइटच्या फोटोंवरून काढलं, नव्वदच्या दशकातला एक आणि आताचा एक. आधी उन्हाळ्यातले घेतले आणि निकाल विचित्र यायला लागला, कारण उघडा मुरूम आणि सिमेंटचं छत सॅटेलाइटला जवळजवळ सारखंच दिसतं, सगळी पडीक रानं घरं म्हणून मोजली जात होती. पावसाळ्यातले घ्यावेत तर ढग. शेवटी डिसेंबरचे घेतले, रानात गवत-पिकं असतात आणि आकाश मोकळं असतं. हे कुठल्या पेपरात नव्हतं, चुकून चुकून कळलं.

पण पाइप आणि मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी जायच्या वाटा, सॅटेलाइटमधून दिसत नाहीत. त्या मोजायला मी आणि माझा आतेभाऊ, ज्याची दहावीची पुस्तकं गेली होती तोच, आता तो डिप्लोमाला आहे, मेजरिंग टेप घेऊन पाच रविवार फिरलो. प्रत्येक मोरीची रुंदी, उंची, किती गाळ, किती प्लास्टिक अडकलंय. काही ठिकाणी वरची मोरी मोठी आणि तिच्या खालची लहान, म्हणजे पाणी येणार जास्त आणि जाणार कमी. टाकळीजवळ एक आजी आम्हाला बघत बसल्या होत्या, त्यांनी हाक मारली, काय मोजता रे पोरांनो. सांगितलं. त्या उठल्या, आम्हाला घराच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेल्या आणि विळ्याने केलेल्या दोन खुणा दाखवल्या, खालची खूण त्यांच्या मालकांनी केलेली, वरची मुलाने. मालक गेले, खूण आहे, म्हणाल्या. मी टेप लावला. दोन खुणांत ६१ सेंटिमीटर. प्रोजेक्टमध्ये मी त्या भिंतीचा फोटो पहिल्या पानावर लावला.

व्हायव्हाला, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी विचारलं, तुझ्या मॉडेलमध्ये मोऱ्या नाहीत, मग या रेषांवर विश्वास का ठेवायचा. मी वही पुढे केली, मोऱ्यांची. त्यांनी ती पानापानाने चाळली, एका मोरीच्या मापाशी थांबले, म्हणाले ही एवढी लहान कशी. मी म्हटलं सर, मी दोनदा मोजली. पुढचा सगळा वेळ त्या एका मोरीवरच बोलणं झालं.

एक गोष्ट मात्र खरी की सगळं एका नदीभोवती फिरवल्यामुळे माझा मानवी भूगोल कच्चा राहिला. लोकसंख्या, राजकीय भूगोल हे मी जेमतेम वाचलंय, आता नेटचा, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास करताना ते सगळं पहिल्यापासून करावं लागतंय, आणि मैत्रिणीचं ते पक्कं आहे, मी तिच्याकडूनच नोट्स घेते. मी परत निवडायला बसले तर तिसऱ्या सेमिस्टरला कॉलेजातलाच एखादा मानवी भूगोलाचा पेपर घेईन आणि जीआयएस क्रेडिटशिवाय, असंच, शिकेन, कारण ते ऑनलाइन नंतरही शिकता येतं.

प्रोजेक्टच्या नकाशाची एक मोठी प्रिंट मी आत्याला नेऊन दिली, तिने ती स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडरशेजारी लावलीय. पहिल्या दिवशी तिला तिचं घर सापडेना, मी बोट ठेवून दाखवलं. पुढच्या वेळी गेले तर तिथे तिने लाल टिकली चिकटवली होती, आणि शेजारच्या काकूंना सांगत होती, हे बघा, पाणी इकडून येतं, आणि ही मोरी लहान आहे ना, म्हणून इथे तुंबतं.